बांगलादेशातून तागाची पोती: न्हावा शेवामार्गे आणावीत की कोलकात्याहून घ्यावीत?

हळद_पेठ

नमस्कार मंडळी. सांगलीहून जर्मनीला हळकुंडं पाठवायची आहेत, ५० किलोच्या तागी पोत्यांत. पोती हायड्रोकार्बनमुक्त (खनिज तेलाचा अंश नसलेली) असावीत आणि आयजेओ ९८/०१ या खाद्यमालाच्या तागी पोत्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासणी अहवाल सोबत असावा, अशी खरेदीदाराची अट आहे. लागणार २०,००० पोती, आकार ९४ × ५७ सेंमी, वजन ५८० ग्रॅम. ढाक्याच्या निर्यातदाराने न्हावा शेवापर्यंतच्या भाड्यासह दिलेला भाव कोलकात्याच्या गिरणीपेक्षा बराच कमी आहे. मागवावीत का? कुठले कर लागतील, आणि करारात काय काय लिहून घ्यायला हवं?

बंदरकाठ

आधी वाटेचं बघू, कारण सगळा हिशोब तिथूनच बदलतो.

२०२५ पर्यंत बांगलादेशचा तागमाल मुख्यतः बेनापोल–पेट्रापोल सीमेवरून ट्रकने कोलकात्यात यायचा. २७ जून २०२५ ला डीजीएफटीने (विदेश व्यापार महासंचालनालयाने) अधिसूचना काढून ताग, तागाचं सूत आणि ब्लीच न केलेलं तागाचं कापड यांना जमिनीवरची सगळी नाकी बंद केली. ११ ऑगस्ट २०२५ च्या दुसऱ्या अधिसूचनेने सुतळी, दोर आणि पोतीही त्यात घेतली. मोकळं ठेवलेलं बंदर एकच, न्हावा शेवा. कोलकाता बंदरसुद्धा नाही. नेपाळ-भूतानकडे भारतातून जाणारा माल यातून वगळलाय, पण तोच माल तिथून पुन्हा भारतात आणता येत नाही.

म्हणजे हुगळीकाठच्या आयातदाराला माल रायगड जिल्ह्यात उतरवून पुन्हा देश ओलांडून न्यावा लागतो, त्याला हे परवडत नाही. सांगलीला मात्र बंदर जवळ आहे. तुम्हाला कमी भाव मिळतोय त्यामागे हेही एक कारण असणार: जुना मोठा गिऱ्हाईक तुटलाय आणि निर्यातदार पश्चिम किनाऱ्यावर नवा शोधतोय.

चट्टोग्रामहून (चितगावहून) न्हावा शेवाला येताना कंटेनर बहुधा कोलंबोत किंवा सिंगापुरात जहाज बदलतो. त्यात किमान दोन-तीन आठवडे धरा, आणि जोडजहाज चुकलं तर आणखी एक. तुमच्या जर्मनीच्या शिपमेंटची तारीख या हिशोबाने मागे मोजा. अधिसूचनांची ताजी स्थिती ऑर्डर पक्की करण्याच्या दिवशी डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पाहा.

जकात_खिडकी

आता कर. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत फार होते.

साफ्टाखाली (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार) बांगलादेशच्या तागमालावर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. पण ती सवलत फक्त मूळ शुल्काची. अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क, त्यावर वेगळं लागतं आणि मूळ देशाच्या दाखल्याने ते माफ होत नाही. बांगलादेश आणि नेपाळच्या तागाच्या सुतावर, हेशियन (पातळ तागी) कापडावर आणि सॅकिंग (जाड तागी) पोत्यांवर ५ जानेवारी २०१७ पासून ते लागू आहे. दर उत्पादकानुसार टनामागे ६.३० ते ३५१.७२ डॉलर. पोत्यांऐवजी सॅकिंगचं कापड आणून इथे शिवून घेण्याची पळवाट निघाली, तेव्हा २०१९ मध्ये कापडही त्यात ओढलं. २०२२ च्या अखेरीस मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली.

दर उत्पादकानुसार आहे, या शब्दाकडे नीट लक्ष द्या. तक्त्यात ज्या गिरणीचं नाव आहे तिला तिचा दर, ज्यांचं नाव नाही त्या सगळ्यांना चढा उरलेला दर. ढाक्याचा निर्यातदार व्यापारी असेल तर पोती कुठल्या गिरणीत विणली हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि ते नाव अधिसूचनेच्या तक्त्यात अक्षरशः जुळवून बघा. बीजकावर एक गिरणी आणि पोत्यांच्या गाठींवर दुसरी, असं निघालं तर उरलेला दर बसतो आणि माल अडकून राहतो तो वेगळाच.

ठोकताळा सांगतो. टनामागे १०० डॉलर शुल्क म्हणजे ५८० ग्रॅमच्या पोत्यामागे ५.८ सेंट. तुमची २०,००० पोती ११.६ टन, म्हणजे दर शंभर डॉलरमागे १,१६० डॉलर. तुमच्या गिरणीचा दर यात घाला, वर आयजीएसटी धरा, मग कोलकात्याच्या भावाशी तुलना करा.

तुम्ही पोती निर्यातीच्या पॅकिंगलाच वापरणार, म्हणून अॅडव्हान्स ऑथरायझेशनचा, म्हणजे निर्यातीला लागणारं साहित्य शुल्काविना आणण्याच्या परवान्याचा, विचार जरूर करा. पॅकिंगचं साहित्य त्यात घेता येतं, आणि त्याखालच्या आयातीला मूळ शुल्काबरोबर अँटी-डंपिंगचीही सूट आहे. बंदराची अट मात्र त्यानेही सुटत नाही असं धरूनच चाला. आणि निर्यातीचं बंधन ठरल्या मुदतीत पुरं झालं नाही तर सगळं शुल्क व्याजासह भरावं लागतं.

पेट्रापोल_जुना

वरच्या प्रतिसादाला जोडून, साफ्टाच्या दाखल्याबद्दल. बांगलादेशात तो एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरो देतो. ट्रक सीमेवरून सरळ येत होता तेव्हा 'थेट वाहतूक' हा मुद्दा कुणी काढतच नव्हतं. आता माल सिंगापूरमार्गे आला तर तो करारातल्या देशांबाहेरून येतो. नियमाने ते चालतं, पण तिथे माल बाजारात गेलेला नसावा आणि उतरवणं-चढवणं यापलीकडे त्याला हात लागलेला नसावा. त्याचा पुरावा म्हणजे चट्टोग्राम ते न्हावा शेवा असं एकच सलग बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती). दोन तुकड्यांची दोन बिलं घेऊ नका. कोलंबोमार्गे आला तर हा प्रश्न सौम्य होतो, श्रीलंका साफ्टातच आहे.

मालाचा मूळ देश सिद्ध करण्याच्या २०२० च्या कॅरोटार नियमांनी पुराव्याचा भार आयातदारावर टाकलाय. ताग कुठला, सूत कुठे कातलं, कापड कुठे विणलं, ही माहिती बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडचा आयात अर्ज) भरण्याआधी तुमच्याकडे तयार हवी. दाखल्यावरचा एचएस क्रमांक (मालाच्या वर्गीकरणाचा) आणि तुमच्या कागदांवरचा क्रमांक जुळला पाहिजे. पोती ६३०५ मध्ये, कापड ५३१० मध्ये, सूत ५३०७ मध्ये.

आणखी एक, जे तुमच्या खरेदीदाराला आधीच कळवलेलं बरं: आयात केलेल्या पोत्यावर उत्पादक देशाचं नाव छापलेलं लागतं. पोत्यावर बांगलादेश आणि आत भारताची हळद, यावर जर्मनीत गोदामात प्रश्न उठतो. 'हळद, उत्पादन भारत' हा छापा मोठा आणि वेगळ्या बाजूला ठेवा, पोत्याचा उगम तळाशी.

फणी_धोटा

वाट आणि कर यांवर वर चांगलं आलंय. मला वाटतं तुमचा खरा धोका पोत्यात आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

तागाचा धागा कडक असतो. पिंजण्याआधी त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारून तो मऊ करतात. साध्या पोत्यांना त्यासाठी जूट बॅचिंग ऑइल वापरतात, ते खनिज तेल. त्याचा वास आणि त्यातले हायड्रोकार्बन आतल्या मालात उतरतात. कोको आणि कॉफीच्या खरेदीदारांनी यावरून फार ओरड केली, त्यातून १९९८ मध्ये आयजेओ ९८/०१ आलं. ते मुळात कोको, कॉफी आणि सोललेला सुकामेवा यांच्या पोत्यांसाठी आहे, मसाल्यांचे खरेदीदारही आता तेच मागतात. त्यातली मुख्य अट अशी की न साबणणारा अंश (अल्कलीने ज्याचा साबण होत नाही तो भाग) किलोमागे १,२५० मिलिग्रॅमच्या आत हवा, शिवाय तेलातले घटक बिनविषारी हवेत आणि परका वास नको.

१,२५० मिलिग्रॅम म्हणजे ०.१२५ टक्के. ५८० ग्रॅमच्या पोत्यात जेमतेम पाऊण ग्रॅम. खनिज तेल जवळजवळ सगळंच न साबणणारं, म्हणून त्याचा अगदी थोडा अंशही मर्यादा ओलांडतो. गिरणी भाताच्या कोंड्याचं तेल वापरते म्हणून माल आपोआप पास होतो असं मुळीच नाही. नापास होण्याची नेहमीची कारणं ही:

- मऊ करण्याच्या यंत्रावर आणि पिंजणयंत्रावर आदल्या पाळीला खनिज तेलाचा माल चालवलेला असतो. रुळांवर, पट्ट्यांवर तेल राहतं आणि पहिले काही टन नासतात.
- खात्यात गळून पडलेले तंतू आणि तुटके धागे हलक्या सुतात परत मिसळतात. तो कचरा कुठल्या मालाचा होता कुणी बघत नाही.
- कापड नीट असतं, पण शिलाईचा सुतळीधागा साध्या मालाचा.
- मागाच्या वंगणाचे डाग, आणि छपाईच्या शाईतलं रॉकेलसारखं द्रावण.

म्हणून गिरणीला एकच प्रश्न विचारा: खाद्य-दर्जाच्या मालाची ओळ, मऊ करण्यापासून शिलाईपर्यंत, वेगळी आहे का? 'आम्ही यंत्रं पुसून घेतो' असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका, भाव कितीही चांगला असो.

वनस्पती तेलाला त्याची स्वतःची खोड आहे. जुनं झालं, किंवा पोती उन्हात तापलेल्या गोदामात महिनोन्महिने पडली, की ते खवट होतं. प्रयोगशाळेचा आकडा पास आणि वास नापास, असं होऊ शकतं. वासाची चाचणी वेगळी लिहून घ्या. पोत्याचे तुकडे झाकणाच्या काचेच्या बरणीत कोमट जागी रात्रभर ठेवून सकाळी झाकण उघडताच हुंगायचं. रॉकेल, खवट तेल आणि कुबट बुरशी हे तिन्ही वास तेव्हा लपत नाहीत. हळदीत स्वतःचं सुगंधी तेल भरपूर, परका वास ती पटकन धरते.

मोजमाप

वजनावर आणि ओलीवर बोललं पाहिजे, कारण तंटे बहुतेक तिथेच होतात.

पोत्याचं '५८० ग्रॅम' हे वजन २० टक्के ओल धरून असतं. हे टक्के कोरड्या तागाच्या वजनावर मोजतात, एकूण वजनावर नाही. ५८० भागिले १.२० केलं की कोरडा ताग ४८३ ग्रॅम निघतो, उरलेले ९७ ग्रॅम पाणी. एकूण वजनावर धरलं तर तीच ओल १६.७ टक्के दिसते. एका पक्षाचं ओलमापक एका पद्धतीचं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या, मग दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि माल वादात. करारात पद्धत लिहा.

समजा माल २६ टक्के ओलीने भरला. ४८३.३ × १.२६ = ६०९ ग्रॅम. पोतं काट्यावर वजनदार दिसतं. ५०० पोत्यांच्या गाठीत साडेचौदा किलो पाणी जास्त. उलट पातळ कापडाचं पोतं ओलं करून ५८० भरवता येतं, आणि खरी फसवणूक ती. सूत्र: प्रत्यक्ष वजन × १२० ÷ (१०० + प्रत्यक्ष ओल). ६०९ × १२० ÷ १२६ = ५८०. पोती नगावर विकत घेत असलात तरी हे सूत्र लिहाच, म्हणजे कोरडा ताग पुरता मिळाला का ते ठरतं.

ओलमापकाचे काटे गाठीत आत खुपसायला हवेत. गाठ बाहेरून सुकते, आत ओल कोंडून राहते. निदान काही गाठी उघडून मधली पोती मोजावीत.

एक गोष्ट खास हळदीसाठी. ९७ ग्रॅम पाणी ५० किलो हळदीपुढे ०.२ टक्के भरतं, म्हणजे एकूण ओलीत फरक नगण्य. पण ती ओल पोत्याला चिकटलेल्या हळकुंडांनाच आधी मिळते, तिथेच बुरशीचा ठिपका धरतो. दमट आलेली पोती भरण्याआधी हवेशीर शेडमध्ये सुटी करून पसरा. ताग हवेनुसार ओल सोडतो, ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला त्याची ओल चौदाच्या आसपास स्थिरावते.

हळद_पेठ

फारच उपयोगी. @फणी_धोटा, विणीचं काय लिहू? ढाक्याच्या कोटेशनमध्ये एका पर्यायापुढे '११ × १२, १० औंस, ४० इंच' असं आहे.

फणी_धोटा

ते हेशियनचं माप, सॅकिंगचं नाही. ४० इंच पन्ह्याच्या एका वाराचं वजन १० औंस, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०५ ग्रॅम. ७.५ औंसवालं २२९ ग्रॅम भरतं. ११ हा पोर्टर आहे, इंचाला ११ धागे नव्हेत. मागाच्या फणीच्या १.८५ इंचांत किती फटी ते पोर्टर. हेशियनमध्ये प्रत्येक फटीतून दोन धागे जातात, म्हणून २२ ÷ १.८५, इंचाला जवळपास १२ उभे धागे. आणि १२ म्हणजे इंचातले आडवे धागे. इथले बरेच खरेदीदार ११ बघून भिंगाने मोजतात आणि गिरणीने जास्त दिलं म्हणून खूश होतात, तसं काही नसतं.

अख्ख्या हळकुंडांची टोकं टोचतात, त्यामुळे ३०५ ग्रॅमचं हेशियन ५० किलोला मला कमी वाटतं. हमालीत पोतं कोपऱ्यावर आदळलं की आधी शिलाई जाते, मग कापड. ५८० ग्रॅमच्या सॅकिंगवरच राहा. ते माप आयएस १६१८६ या भारतीय मानकात ५० किलो धान्याच्या पोत्यासाठी आहे, तेव्हा करारात त्या मानकाचा उल्लेख केला की धागे, ताकद, शिलाई सगळं बांधलं जातं. त्यावर आयजेओची अट वेगळी जोडा. तोंडाला दुमडून घातलेली शिलाई मागा, कापडाची मूळ किनार असेल तर तसं लिहा. शिलाईची ताकद कापडाइतकीच महत्त्वाची, अहवालात दोन्ही आकडे हवेत.

पतपत्र

बँकेच्या बाजूने काही गोष्टी.

पतपत्रात (बँकेच्या एलसीत) '२०,००० पोती' असं लिहिलंत तर यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम ३० ची ५ टक्के कमी-जास्तीची मुभा मिळत नाही, कारण ती नगांनी मोजलेल्या मालाला लागू नाही. निर्यातदाराने २०,५०० पाठवली तर कागद नापास. मुभा द्यायची असेल तर तसे शब्द लिहा.

तपासणी अहवाल 'निर्यातदाराने निवडलेल्या प्रयोगशाळेचा' स्वीकारू नका. स्वतंत्र तपासनीसाने गाठी बांधल्यावर नमुने काढावेत, नमुन्यांवर सील आणि गाठींचे क्रमांक असावेत, आणि अहवालात न साबणणारा अंश, वास, कोरडं वजन, ओल हे चारही असावेत. बँक फक्त कागद बघते. 'तपासणी दाखला' एवढंच लिहिलं असेल तर 'माल उत्तम आहे' अशा एका ओळीवरही पैसे सुटतात.

भाड्यासह घेताय तर विमा तुमचा. व्यापक अटींचा घ्या, पण लक्षात असू द्या: मालाच्या अंगच्या दोषाने झालेलं नुकसान सहसा पॉलिसीत बसत नाही. जास्त ओलीने भरलेल्या गाठींना बुरशी आली तर विमा कंपनी हेच कलम दाखवणार. म्हणून भरतानाचा ओलीचा आकडा तुमच्याकडे हवाच.

बंदरकाठ

कंटेनरबद्दल राहिलंच होतं. चट्टोग्रामला दिवसा तापलेला डबा रात्री गार पडला की छताच्या आतून पाणी सुटतं आणि वरच्या गाठींवर ठिबकतं. पावसाळ्यात भरलेल्या डब्याला हे हमखास होतं. भरण्याआधी माणसाने आत जाऊन दारं लावून उजेड कुठून येतो ते बघावं. जमीन कोरडी हवी, आतून क्राफ्ट कागद आणि वर ओलशोषक पिशव्या. गाठींना लोखंडी आकडा लावायचा नाही, एका भोकाने पाच-सहा पोती वाया जातात.

उतरवताना वरच्या थरावर डाग दिसला की काम तिथेच थांबवा, फोटो काढा, सर्व्हेअरला बोलवा. गोदामात नेल्यावर केलेला दावा कुणी ऐकत नाही.

हुगळी_वारा

कोलकात्याची बाजूही मांडतो. तिथे खाद्य-दर्जाची स्वतंत्र ओळ असलेल्या गिरण्या आहेत, कारण कॉफी-कोकोची पोती तिथूनही बाहेर जातात. अँटी-डंपिंग नाही, साफ्टाचे कागद नाहीत, माल बिघडला तर माणूस पाठवता येतो. अडचण वेळेची. १९८७ च्या कायद्याखाली धान्य आणि २० टक्के साखर तागात भरावी लागते, आणि सरकारी खरेदीची पोती ज्यूट कमिशनरच्या आदेशाने गिरण्यांकडून घेतली जातात. पंजाब-हरियाणाच्या गहू खरेदीआधीचे महिने आणि खरिपाच्या भातखरेदीआधीचे महिने, या दोन्ही वेळी माग सरकारी मालाला जुंपलेले असतात आणि खासगी ऑर्डर मागे सरकते. या दोन हंगामांच्या मधली फट बघून ऑर्डर द्या.

भावाचंही तसंच. ताग जुलै ते सप्टेंबरमध्ये कापतात, व्यापारी वर्ष जुलै-जून. वर्षअखेरीस कच्चा ताग आटतो आणि भाव चढतो. २०२५-२६ ला हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. बाजार त्याच्या बराच वर गेला की गिरण्या जुन्या भावाची खासगी ऑर्डर टाळायला लागतात, म्हणून करारात उशिराचा दंड हवा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे, ती समजली की दोन्हीकडची धोरणं कळतात. फाळणीत गिरण्या हुगळीकाठी राहिल्या आणि उत्तम ताग पूर्व बंगालात. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, आणि तागाचा व्यापार ठप्प झाला. तिथून भारताने स्वतःची लागवड वाढवली, पूर्व पाकिस्तानने स्वतःच्या गिरण्या उभारल्या. आता ढाकाही कच्चा ताग बाहेर सोडताना हात आखडता घेतो: २०१५ च्या अखेरीस बंदी घातली होती, सप्टेंबर २०२५ मध्ये निर्यात परवानगीवर आणली. कच्चा माल घरात ठेवून सूत आणि पोती विकायची, हा त्यांचा हिशोब. त्यांचं सूत तुर्कस्तानच्या गालिच्यांना मोठ्या प्रमाणावर जातं, तिकडे मागणी पडली की गिरण्या सुताकडून पोत्यांकडे वळतात आणि भाव नरमतो.

जकात_खिडकी

ढाक्याच्या भावात तिथल्या सरकारचं रोख प्रोत्साहनही असतं, तेही लक्षात घ्या. अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायची त्यांची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६, त्या तयारीत हे प्रोत्साहन टप्प्याटप्प्याने कमी केलं जातंय. साफ्टातली भारताची शून्य शुल्काची सवलतही याच दर्जावर मिळते. वर्षाचा करार करणार असाल तर शुल्क बदललं तर कोण सोसणार, हे कलम घाला.

हळद_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय असं: या हंगामाची २०,००० कोलकात्याहून, कारण जर्मनीची तारीख जवळ आहे. ढाक्याहून आधी गिरणीचं नाव आणि स्वतंत्र ओळीचा पुरावा मागवतो, आणि २५ नमुना पोती कुरिअरने. नमुन्यावर आयजेओ चाचणी इथेच करून घ्यायची आहे. किती पोती एकत्र करून नमुना द्यावा?

फणी_धोटा

नमुना गिरणी निवडून पाठवते, त्यामुळे तो पास झाला तर गिरणीला जमतं एवढंच कळतं, तुमच्या मालाबद्दल काहीच नाही. तरी करा. दहा पोत्यांच्या अंगाचे, शिलाईचे आणि छाप्याचे तुकडे वेगवेगळे पाठवा, एकत्र करू नका. अंगाचा तुकडा पास आणि शिलाईचा नापास निघाला तर दोष सुतळीत आहे हे लगेच कळेल, आणि ती गिरणीला दोन दिवसांत बदलता येते. उरलेल्या पंधरा पोत्यांपैकी पाच हळद भरून महिनाभर ठेवा आणि मग हुंगा. पाच सीलबंद राहू द्या, पुढे माल आल्यावर तुलनेला लागतील. बाकीची पाच भरून खांद्याच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाकून बघा.

मोजमाप

तुकडे पाठवताना अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून मग काचेच्या बरणीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत नको, प्लास्टिकमधले हायड्रोकार्बन तागात उतरतात आणि चांगला नमुना नापास होतो.